लाल पट्टीवाली लेन्स घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातला २६ वर्षांचा एक वाचक लग्नं, बारशी, वाढदिवस यांचे फोटो काढतो. कॅमेरा कॅनन ८०डी. लेन्स दोन: ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ आयएस आणि ईएफ ८५ एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). मोठ्या लग्नांना तो एका ज्येष्ठ फोटोग्राफरच्या हाताखाली जातो, त्यांना दादा म्हणतो. मागच्या सीझनमध्ये दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "लेन्सवर लाल पट्टी येत नाही तोवर आपण हौशीच." (कॅननच्या महागड्या 'एल' लेन्सवर लाल पट्टी असते.) तेव्हापासून त्याचं मन आपल्या लेन्सवरून उडालं आहे. मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात जुनी ईएफ २४-७० एफ/२.८ एल ४५ हजारांना आहे. पुढच्या काचेवर बारीक ओरखडा आहे म्हणून दुकानदार दोन हजार कमी करायला तयार आहे. १७-५५ विकायची आणि उरलेल्या पैशांसाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढायचं, असं घरात ठरत आलंय. त्याचे प्रश्न दोन: लाल पट्टी म्हणजे खरंच क्वालिटी का? आणि ओरखडा चालेल का? दादांना "सॉफ्ट", म्हणजे पुसट, वाटलेले दोन फोटोही त्याने सोबत पाठवले आहेत.

नमस्कार,

आधी तुमचे फोटो बघू, पट्टीचं नंतर. कारण कर्ज निघणार आहे ते या दोन फोटोंच्या जोरावर.

पहिला फोटो हळदीचा. नवरीच्या गालाला हळद लावणाऱ्या बाईंची बोटं पुसट आली आहेत, पण त्यांच्या मागे लटकणाऱ्या झेंडूच्या माळेची पाकळी न् पाकळी मोजता येते. लेन्स सॉफ्ट असती तर झेंडूही सॉफ्ट आला असता. फाईलमध्ये शटर स्पीड दिसतोय १/५० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ४००. बोटं हलत होती आणि शटर तेवढा वेळ उघडं होतं, एवढंच झालंय. लेन्समधलं आयएस तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. हाच फोटो आयएसओ १६०० आणि १/२०० वर काढला असता तर बोटं स्वच्छ आली असती. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आला असता, अल्बमच्या प्रिंटमध्ये तो कुणाला दिसला नसता.

दुसरा फोटो हार घालतानाचा, ८५ वर, एफ/१.८ ला. नवऱ्याचा कान कडक शार्प आहे आणि डोळा गेलाय. दोन मीटर अंतरावरून, तुमच्या कॅमेऱ्यावर, ८५ ला एफ/१.८ ठेवलं तर फोकसची खोली मिळते जेमतेम चार सेंटीमीटर. त्यात नवरा-नवरी दोघं मावत नाहीत, एका माणसाचा डोळा आणि कानसुद्धा मावत नाही. एफ/२.८ किंवा एफ/४ ला आणून, फोकस पॉइंट स्वतः डोळ्यावर ठेवून बघा. आणि या जागी लाल पट्टीची ८५ एफ/१.२ एल असती तर? पूर्ण उघडी ठेवल्यावर खोली आणखी कमी झाली असती. शिवाय त्या लेन्समध्ये फोकससाठी काचेचा मोठा जड गठ्ठा हलवावा लागतो, त्यामुळे तिचा फोकस तुमच्या ८५ पेक्षा बराच हळू आहे. स्टुडिओत, बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटला ती अप्रतिम. नवऱ्याला मित्रांनी उचलून धरलंय आणि नवरी हार घेऊन उड्या मारतेय, अशा वेळी मला विचाराल तर मी तुमचीच ८५ मागेन.

म्हणजे दोन्ही फोटोंतला दोष सेटिंगचा आहे, लेन्सचा नाही. दादांनी फोटो सॉफ्ट आहेत हे बरोबर ओळखलं, कारण मात्र चुकीचं सांगितलं.

आता पट्टी. ती निव्वळ रंगरंगोटी आहे असं म्हणणारेही भेटतील तुम्हाला, आणि तेही अर्धवटच बोलतात. कॅननने १९६९ मध्ये कृत्रिम फ्लोराइटची काच वापरलेली ३०० एमएमची लेन्स बाजारात आणली. फ्लोराइट रंगांची फाकाफाक, म्हणजे कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार, फार चांगली आवरतं. पुढे असं खास काचकाम असलेल्या लेन्सना १९७० च्या दशकाच्या शेवटी 'एल' हे नाव मिळालं, आणि लाल पट्टी ही त्याची खूण झाली. त्या काळी ती काच बनवणं महाग आणि अवघड होतं. त्यामुळे पट्टी दिसली की आत काहीतरी वेगळं आहे, हे खात्रीने सांगता यायचं. मोठ्या टेली लेन्सचा पांढरा रंगही दिखाव्यासाठी आलेला नाही. फ्लोराइट उष्णतेने फुगतं, आणि उन्हात पांढरं नळकांडं काळ्यापेक्षा कमी तापतं.

पण खूण ज्या दिवशी चिकटवली त्या दिवसाची असते, तंत्र पुढे निघून जातं. झाइस या जर्मन लेन्स कंपनीचं उदाहरण बघा. कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा लेप, नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. सहा सुट्या काचांची लेन्स असेल तर पृष्ठभाग झाले बारा, आणि पुढून शिरलेल्या प्रकाशातला चाळीसेक टक्के वाटेतच परावर्तित होतो. त्यातला काही आतल्या आत घुटमळून फोटो धुरकट करतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलांनी परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं, आणि लेप दिलेल्या लेन्सवर लाल 'टी' कोरलेला दिसू लागला. तेव्हा तो लाल टी म्हणजे खरोखर वेगळा फोटो होता. आज स्वस्तातल्या स्वस्त किट लेन्सलाही अनेक थरांचं कोटिंग असतं, आणि झाइसची टी आणि तारा ही खूण मात्र दिमाखात चालू आहे. सोनीची निळ्या झाइस बिल्ल्याची २४-७० एफ/४ घ्या. २०१३ ची लेन्स, बिल्ला अस्सल, तरी कोपरे ढिले असल्याची तक्रार तिच्या मागे कायम राहिली.

दुसरी अडचण अशी की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. सोनेरी पट्टी निकॉनवर असेल तर ती वरच्या श्रेणीची लेन्स समजायची. कॅननच्या मधल्या श्रेणीत सोनेरी रेघ म्हणजे आत फोकस फिरवणारी अल्ट्रासॉनिक मोटर आहे, एवढंच. तुमच्या ८५ वर ती आहेच, बघा. सिग्माने आपल्या ईएक्स मालिकेला सोनेरी पट्टी लावली, टोकिनानेही लावली. म्हणजे एका स्टेजवर चार फोटोग्राफर सोनेरी पट्ट्या घेऊन उभे असतील तर त्या पट्ट्या तीन-चार वेगळ्या गोष्टी सांगत असतील. आणि झूमवर ठसठशीत 'मॅक्रो' लिहिलेलं असतं त्याचं तर विचारूच नका. खरा मॅक्रो म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटणं, १:१. कितीतरी 'मॅक्रो' झूम १:४ च्या आसपासच थांबतात. अंगठीचे क्लोजअप काढायला त्या नावावर विसंबून लेन्स घेणारे लोक मला दरवर्षी पत्रं लिहितात.

तुमच्या १७-५५ ला लाल पट्टी का नाही, याचं उत्तर तर फारच साधं आहे. कॅननने एकाही ईएफ-एस लेन्सला ती दिली नाही. ईएफ-एस लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच बनवलेल्या, म्हणून त्या वेगळ्या रांगेत. तुमच्या लेन्समध्ये रंगांची किनार आवरणाऱ्या यूडी काचा आहेत, अ‍ॅस्फेरिकल काचा आहेत, सगळ्या झूमभर एफ/२.८ आहे, शिवाय आयएस आहे. एल लेन्समधलं काय नाही? पाणी-धूळ अडवणारं सीलिंग नाही आणि बांधणी तेवढी दणकट नाही. पुढच्या काचेमागे धूळ ओढून घेण्याबद्दल ती बदनामच आहे. ती धूळ डोळ्याला खुपते, फोटोत सहसा येत नाही. उलट बाजूही सांगते: पट्टी असली म्हणजे सीलिंग असतंच असंही नाही. १३५ एफ/२ एल किंवा आयएस नसलेली ७०-२०० एफ/४ एल, दोन्ही लाल पट्टीच्या, दोन्ही उत्तम, आणि सीलिंग दोन्हींना नाही. पट्टी न बघता लेन्सचं मागचं झाकण काढा आणि धातूच्या माउंटभोवती (लेन्स कॅमेऱ्यावर बसते त्या रिंगभोवती) रबराची बारीक कड आहे का ते पाहा. कडेवरून बोट फिरवलं की लगेच कळतं.

आता जी लेन्स घ्यायची म्हणता, ती तुमच्या ८०डी वर लावून बघू. तुमचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, छोटा, म्हणून लेन्सच्या आकड्याला १.६ ने गुणायचं; आकडा लहान तितकी फ्रेम रुंद. तुमची १७-५५ फुल फ्रेमच्या हिशेबात २७ ते ८८ होते. २४-७० होते ३८ ते ११२. हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. गृहप्रवेशाचा प्रसंग आठवा. दहा बाय बाराची खोली, उंबऱ्यावर माप, दारात नवरी, आत ओवाळणाऱ्या सासूबाई, बाजूला करवल्या, आणि तुमची पाठ भिंतीला टेकलेली. २७ ला हे सगळं एका फ्रेममध्ये येतं. ३८ ला सासूबाई तरी जातील किंवा माप तरी. मागे सरकायला जागा नसते. कितीही महाग काच असली तरी भिंत हटत नाही. शिवाय २००२ ची ही २४-७० एल ९५० ग्रॅमची, तुमची ६४५ ची. आणि तिच्यात आयएस नाही. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीतही नाही. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या उजेडात, समोर कुणी हलत नसताना, तुमचे निम्मे फोटो या आयएसवर उभे आहेत. हातचं विकून, वर कर्ज काढून, अडचणीची लेन्स आणण्याचा हा प्रकार आहे. तुमची १७-५५ विकू नका, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगते.

दादांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. त्यांच्या म्हणण्यात एक व्यवहार दडलेला असू शकतो. मोठ्या लग्नात पाहुण्यांपैकी एखादा हौशी असतो, तो तुमच्या गळ्यातलं सामान बघतो, नवरीच्या भावाला काहीतरी सांगतो, आणि पुढचं काम मिळताना त्याचा परिणाम होतो. हे खोटं नाही. पण तो पाहुणा दुरून लाल रेघ बघत असतो, काच बघत नसतो. लाल सिलिकॉनची कडी ऑनलाइन किरकोळ पैशांत मिळते, कुठल्याही लेन्सवर चढते. २४-१०५ एलसारखा हुबेहूब दिसणारा कॉफीचा मगसुद्धा मिळतो, लाल पट्टीसकट. कडी घेऊन लावा असा माझा सल्ला नाही. व्यवसायातल्या कुणाच्या लक्षात आली तर उगाच हसं होईल. मुद्दा एवढाच की छाप पाडायचीच असेल तर ४५ हजारांतून ती आणखी चांगली पडते. एक चांगला छापलेला नमुना अल्बम, दुसरा फ्लॅश आणि ट्रिगर, वेळेवर दिलेले फोटो. नवरीच्या आईला लेन्स दाखवून कुणी ऑर्डर मिळवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. अल्बम दाखवून मिळवणारे रोज भेटतात.

आणि "हौशीच" हा शब्द तुम्हाला एवढा का लागला, तेही एकदा स्वतःला विचारा. पत्रात लेन्सविषयी चार ओळी आहेत आणि सगळ्यांदेखत म्हणाले याविषयी अकरा. दादा तुम्हाला सीझनमागून सीझन कामावर बोलावतात, म्हणजे तुमचं काम त्यांना चालतं. एकदा निवांत चहाला बसून विचारा, "दादा, त्या फोटोत नेमकं काय खटकलं?" आणि जमलं तर त्यांचीच २४-७० एका कार्यक्रमापुरती मागून घ्या, ८०डी ला लावा आणि संध्याकाळी दोघांनी मिळून फाईल बघा. दादांची नसेल तर भाड्याने घ्या. दिवसाचं भाडं कर्जाच्या एका हप्त्याहूनही बरंच कमी पडेल.

ही लेन्स घ्यायला एक खरं कारण आहे, आणि पत्रात नेमकं तेच नाही. तुम्ही वर्ष-दीड वर्षात फुल फ्रेमवर जाणार असाल तर हिशेब बदलतो. फुल फ्रेमवर २४ म्हणजे खरं २४, चांगलं रुंद. तुमची ईएफ-एस लेन्स मात्र फुल फ्रेम डीएसएलआरवर बसणारच नाही, आणि मिररलेसवर अडॅप्टरने बसली तरी सेन्सरचा मधला भागच वापरेल. पण मग आधी बॉडी ठरवा, लेन्स नंतर. कॅननचा सगळा भर २०१८ पासून मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटवर आहे आणि जुन्या ईएफ लेन्सचे सेकंडहँड भाव त्याने उतरतेच ठेवलेत. म्हणजे थांबल्याने तुमचं नुकसान नाही. ८०डी वरच राहणार असाल आणि पैसे खर्च करायचेच असतील, तर सिग्माची १८-३५ एफ/१.८ आर्ट बघा. पट्टी नाही, आयएस नाही, सीलिंग नाही, झूम तोकडा. पण अंधाऱ्या हॉलमध्ये एफ/१.८ चा झूम ही चैन आहे. तिचा ऑटोफोकस काही कॅमेऱ्यांवर दगा देतो, म्हणून स्वतःच्या बॉडीवर तपासल्याशिवाय घेऊ नका.

आता ओरखड्याचं, कारण हा प्रश्न सेकंडहँड घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो. पुढच्या काचेवरचा एक बारीक ओरखडा फोटोत दिसत नाही. लेन्स तिथे फोकसच करत नसते. फार तर समोरून दिवा किंवा ऊन थेट काचेवर आलं तर थोडी चमक पसरेल. फ्लडलाइट समोर ठेवून एक फोटो काढला की कळेल. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र टाळा, तो सेन्सरच्या जवळ असल्यामुळे जास्त त्रास देतो. आणि बुरशी असेल तर भाव कितीही पडला तरी नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यात कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास सापडते. मोबाइलचा टॉर्च मागून लावा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की लेन्स परत ठेवा.

माउंटच्या मागच्या अंगाला, झाकण काढल्यावर, जुन्या बऱ्याच ईएफ लेन्सवर काळ्यात काळी छापलेली दोन अक्षरं आणि आकडे असतात. चटकन दिसत नाहीत, उजेडात तिरकं धरावं लागतं. समजा 'यूयू०८०५' असं असेल. पहिला यू म्हणजे उत्सुनोमियाचा कारखाना, दुसरं अक्षर वर्षाचं, १९८६ ला ए धरून मोजत आलं की यू २००६ वर येतो, आणि ०८ म्हणजे ऑगस्ट. दुकानदार "फक्त पाच-सहा वर्षं वापरलेली" म्हणत असेल तर हा कोड विचारा. लेन्सवरची ही सर्वांत कमी दिसणारी खूण आहे, पण तुमच्यासाठी लाल पट्टीपेक्षा जास्त कामाची. जुन्या जपानी कॅमेऱ्यांवर दिसणाऱ्या 'पास्ड' लिहिलेल्या सोनेरी अंडाकृती स्टिकरबद्दलही वाचक विचारतात, तेही इथेच सांगून टाकते. १९५४ मध्ये सुरू झालेल्या जपानी तपासणी संस्थेचं ते निर्यातीचं लेबल. मालाच्या लॉटमधले नमुने तपासून ते दिलं जायचं. तेव्हा जपानी मालाची पत सांभाळायला त्याचा मोठा उपयोग झाला, पण तुमच्या हातातला नग पन्नास वर्षांनी कसा आहे हे ते सांगू शकत नाही.

नगानगात फरक असतोच, महागड्या लेन्समध्येही. म्हणून शेवटी कुठलीही लेन्स घ्यायला जाल तेव्हा वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीला ताठ चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोरासमोर ठेवा, एफ/२.८ वर झूमच्या दोन्ही टोकांना फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन स्वच्छ आणि एक पुसट असेल, आणि कॅमेरा नीट सरळ असल्याची खात्री असेल, तर आतली काच सरकलेली आहे, बहुधा कधीतरी पडलेली. पडलेल्या लेन्सला बाहेरून नवी लाल पट्टी बसवलेली मी पाहिली आहे. या २४-७० चं मॉडेल बंद झालंय, सुटे भाग मिळतात का, हे सर्व्हिस सेंटरला फोन करून आधी विचारा. दुकानदार ही चाचणी करू देत नसेल तर ओरखड्याचे दोन हजार काय, दहा हजार कमी केले तरी उठून या.

टोकन दिलं नसेल तर आता देऊ नका. दिलं असेल तर ते परत मिळतंय की दुसऱ्या वस्तूत वळवता येतंय, ते या आठवड्यात विचारून घ्या. फ्लॅश त्यांच्याकडेही मिळत असेलच.